नांव एक, मंडळी अनेक : ‘डीप पर्पल’ची कथा

संगीत नाटकांच्या काळांतील मंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एक प्रश्न नवीन नाहीं. मंडळी म्हणजे नेमकें काय? तिच्यांतील नट, कीं तिचीं नाटकें, कीं केवळ तिचें नांव? अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीं निवर्तले, तरी किर्लोस्कर मंडळी चालूच राहिली. पुढें भाऊराव कोल्हटकर गेले, कांहीं वर्षांनीं बालगंधर्व आले. १९१३ सालीं बालगंधर्वहि बाहेर पडले आणि त्यांची गंधर्व मंडळी निराळी उभी राहिली. तरी जुन्या मंडळीचा पडदा वर जातच होता. आज पाहिली ती खरी मंडळी कोणती, हा वाद रसिकांच्या घरोघरीं रंगावा, यांत नवल तें काय!

असाच वाद इंग्लंडांतील एका वाद्यवृंदाविषयीं अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. त्या वृंदाचें नांव ‘डीप पर्पल’, म्हणजे गडद जांभळा रंग. १९६८ सालीं हा वृंद स्थापन झाला आणि २०२४ सालीं त्याच नांवानें त्याचा नवा गीतसंग्रह बाहेर पडला. ह्या छप्पन वर्षांत मुख्य गायक चार झाले, गिटार वाजविणारे पांच झाले, बास म्हणजे खर्जाची गिटार धरणारे तीन झाले, ऑर्गनवर दोघे बसले. आणि तालवाद्यांवर मात्र आरंभापासून एकच गृहस्थ बसत आले. एवढीं माणसें बदलूनहि नांव टिकलें, हें कसें घडलें, आणि तें टिकविण्यासाठीं काय किंमत द्यावी लागली, हा ह्या इतिहासांतील विचार करण्याजोगा भाग आहे.

त्याआधीं ह्या संगीताची ओळख करून घेणें इष्ट होईल. ‘हार्ड रॉक’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा पाया अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या ‘ब्लूज’ नांवाच्या गीतांत आहे. परंतु त्याला आजचें रूप दिलें तें विजेनें. विजेवरील गिटारीची तार छेडली असतां अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक यंत्र त्याला मोठें करतें. ह्या यंत्रावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकला, तर ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, मूळ स्वराबरोबर अनेक नवे उपस्वर उमटतात, आणि नाद खरखरीत, दाट व दीर्घकाळ टिकणारा होतो. तंत्रज्ञांच्या दृष्टीनें हा यंत्राचा दोष होता. १९६० नंतरच्या दशकांतील तरुण वादकांनीं ह्या दोषालाच गुण मानलें. अशा नादांत तीन-चार स्वर एकत्र वाजविले तर गोंधळ माजतो. षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम अशी साधी जोडी मात्र स्वच्छ व बळकट ऐकूं येते. म्हणून ह्या संगीतांत अशा उघड्या जोड्यांचीं लहान लहान स्वरवाक्यें पुनःपुन्हां वाजविलीं जातात. त्यांना ‘रिफ’ म्हणतात. बंदिशीचा मुखडा जसा गवयाला फिरून फिरून समेवर आणून सोडतो, तसें कांहींसें रिफचें काम असतें.

ह्या सर्वसामान्य वैशिष्ट्यांत डीप पर्पलनें स्वतःची एक भर घातली, आणि ती ऑर्गनची. मराठी रंगभूमीला ऑर्गन परका नाहीं. परंतु येथील पायपेटींत भात्याची हवा पितळी सुरांवर खेळते, तर हॅमंड ऑर्गनमध्यें लोहचुंबकांसमोर दांतेरी चाकें फिरत असतात आणि त्यांतून निघणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा स्वर बनतो. जॉन लॉर्ड ह्या वादकानें हें वाद्य गिटारीसाठीं बनविलेल्या दांडग्या ध्वनिवर्धकाला जोडलें. प्रार्थनामंदिरांत शोभणारा ऑर्गन त्यामुळें गुरगुरूं लागला. एका बाजूला रिची ब्लॅकमोर ह्यांची गिटार, दुसऱ्या बाजूला लॉर्ड ह्यांचा ऑर्गन, आणि दोहोंमध्यें चाललेला सवालजवाब, हा ह्या वृंदाच्या वादनाचा प्राण होय. माणसें बदललीं, तरी ही मांडणी सहसा मोडली गेली नाहीं, हें पुढील कथा वाचतांना ध्यानांत ठेवावें.

वृंदाच्या जन्माची हकीकत मोठी सूचक आहे. १९६७ सालीं ‘सर्चर्स’ ह्या लोकप्रिय वृंदांतून बाहेर पडलेले ख्रिस कर्टिस हे एक नवी कल्पना घेऊन लंडनमधील टोनी एडवर्ड्स ह्या व्यापाऱ्याकडे गेले. एक असा वृंद काढावा, कीं ज्यांत वादक हवे तेव्हां चढतील व हवे तेव्हां उतरतील. जत्रेंतील फिरत्या चक्राप्रमाणें. म्हणून त्याचें नांवहि त्यांनीं ‘राउंडअबाउट’ असें योजिलें. एडवर्ड्स ह्यांनीं भागीदारांसह भांडवल उभें केलें. लॉर्ड व ब्लॅकमोर ह्यांना बोलावणें गेलें. आणि चक्र फिरूं लागण्यापूर्वींच खुद्द कर्टिस त्यावरून उतरले. मूळ कल्पना ज्याची, तोच पहिला बाहेर पडला. पुढें जें जें घडलें, त्याची ही जणूं नांदीच होती.

लॉर्ड हे लेस्टर शहरचे. लहानपणापासून त्यांनीं पाश्चात्त्य अभिजात पद्धतीनें पियानोचें शिक्षण घेतलें होतें आणि नाट्यशिक्षणासाठीं ते लंडनला आले होते. ब्लॅकमोर वयानें त्यांच्याहून चार वर्षांनीं लहान. परंतु ध्वनिमुद्रणगृहांत इतरांच्या गाण्यांना साथ करून व जर्मनींतील हँबुर्ग येथें वाजवून त्यांचा हात तयार झालेला होता. ह्या दोघांना इयन पेस हे एकोणीस वर्षांचे तालवादक, रॉड इव्हन्स हे गायक व निक सिंपर हे बासवादक येऊन मिळाले. १९६८ च्या वसंतांत हर्टफर्डशर परगण्यांतील एका जुन्या घरांत तालमी झाल्या आणि पहिला दौरा डेन्मार्कमध्यें निघाला. ‘राउंडअबाउट’ हें नांव तेवढ्यांतच टाकून देण्यांत आलें. ब्लॅकमोर ह्यांच्या आजीच्या आवडीचें ‘डीप पर्पल’ नांवाचें एक जुनें गाणें होतें. तेंच नांव वृंदानें घेतलें.

पहिल्या वर्षीं नशीब अमेरिकेंत उघडलें. ‘हश’ ह्या दुसऱ्याच्या गाण्याची त्यांनीं केलेली आवृत्ति तेथील खपाच्या यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. मायदेशांत मात्र त्यांना फारसें कोणी विचारीत नव्हतें, आणि अमेरिकेंतील त्यांची तबकडी-कंपनीहि लवकरच डबघाईस आली. आपला आवाज अजून आपल्याला सांपडलेला नाहीं, हें लॉर्ड, ब्लॅकमोर व पेस ह्या तिघांना कळून चुकलें. अधिक जोरकस गायक हवा, असें ठरलें. आणि ‘एपिसोड सिक्स’ ह्या वृंदांतील इयन गिलन व रॉजर ग्लोव्हर हे अनुक्रमें गायक व बासवादक म्हणून घेण्यांत आले. हा बदल ज्या रीतीनें झाला, ती रीत अभिमानास्पद खास नव्हती. १९६९ च्या जूनमध्यें नव्या जोडीसह ध्वनिमुद्रण व तालमी चालूं होत्या, तेव्हां इव्हन्स व सिंपर ह्यांना त्याचा पत्ताहि नव्हता. ते जुन्या जागेवर कार्यक्रम करीतच होते. कलेच्या दृष्टीनें निर्णय अचूक ठरला, माणुसकीच्या दृष्टीनें तो कठोर होता. ह्या वृंदाच्या इतिहासांत ह्या दोन गोष्टी पुढेंहि हातांत हात घालून चालल्या आहेत.

ह्या पंचकाला रसिक ‘मार्क टू’ म्हणजे दुसरी रचना म्हणतात. यंत्रांच्या नमुन्यांना क्रमांक द्यावे, तसे ह्या वृंदाच्या प्रत्येक संचाला क्रमांक देण्याची त्यांच्यांत प्रथा आहे. दुसऱ्या रचनेचें पहिलें मोठें कार्य मोठें विलक्षण होतें. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनीं लॉर्ड ह्यांनीं रचलेला ‘कॉन्चेर्टो’ वाजविला. संचालनाची धुरा प्रसिद्ध संगीतकार माल्कम आर्नल्ड ह्यांनीं घेतली होती. तीन खंडांची ती रचना. प्रथम दोन पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकतात, मग जवळ येतात, आणि अखेरीस एकत्र वाजवितात. वृत्तपत्रांत गाजावाजा झाला. परंतु त्यामुळें एक नवाच पेंच उत्पन्न झाला. हे लोक म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजविणारे, असा समज पसरूं लागला, आणि ब्लॅकमोर व गिलन ह्यांना ही ओळख मुळींच मानवणारी नव्हती. पुढील संग्रह निखळ दणदणीत रॉकचा असावा, हा आग्रह त्यांनीं धरला व लॉर्ड ह्यांनीं तो मान्य केला.

तो संग्रह ‘इन रॉक’ हा जून १९७० मध्यें निघाला आणि इंग्लंडमध्यें चौथ्या क्रमांकावर गेला. ‘चाइल्ड इन टाइम’ हें त्यांतील दहा मिनिटांचें गीत वृंदाच्या सामर्थ्याचा उत्तम नमुना मानलें जातें. मंद्र व शांत सुरांत आरंभ करून गिलन ह्यांचा आवाज हळूहळू तारसप्तकांत जातो, तेथें शब्द मागें पडतात आणि केवळ आक्रोश उरतो. ह्या गीतांतील ऑर्गनची मूळ धून सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ ह्या वृंदाच्या एका रचनेवरून घेतलेली आहे, आणि त्या रचनेचें नांव ‘बॉम्बे कॉलिंग’ असें आहे. मुंबईचें नांव अशा आडवाटेनें इंग्रजी रॉकच्या इतिहासांत शिरलें आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

१९७१ मधील ‘फायरबॉल’ हा संग्रह इंग्लंडमध्यें अग्रस्थानीं गेला. आणि मग त्या वर्षाच्या अखेरीस ती घटना घडली, जिच्यामुळें ह्या वृंदाचें नांव जगाच्या कानाकोपऱ्यांत पोंचलें. नव्या संग्रहासाठीं नेहमींच्या मुद्रणगृहांत न जातां, रंगमंचावरील मोकळेपणा राखतां येईल अशा जागीं मुद्रण करावें, असा बेत होता. स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा सरोवराच्या कांठीं मोंत्रो हें गांव आहे. तेथील कॅसिनोचें नाट्यगृह हिवाळ्यासाठीं बंद व्हावयाचें होतें व तें ह्या मंडळींना मिळणार होतें. ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या वृंदाच्या मालकीचें फिरतें मुद्रणगृह, म्हणजे यंत्रांनीं भरलेली एक मोठी मालमोटार, भाड्यानें आणली होती. हंगामाचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबर १९७१ रोजीं अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा ह्यांचा होता. तो चालूं असतां प्रेक्षकांपैकीं कोणी एकानें इशाऱ्याचा दारूचा बाण छताकडे सोडला. छतानें पेट घेतला आणि पाहतां पाहतां सारी इमारत भस्मसात् झाली. मोंत्रोच्या संगीतमहोत्सवाचे चालक क्लोद नोब्स ह्यांनीं धडपड करून लोकांना बाहेर काढलें. जीवितहानि मात्र झाली नाहीं. डीप पर्पलच्या मंडळींनीं पलीकडून पाहिलें तों सरोवराच्या पाण्यावर धुराचा थर पसरत चालला होता.

आतां काम कोठें करावयाचें? प्रथम ‘पॅव्हिलियन’ नांवाच्या नाट्यगृहांत बिऱ्हाड टाकलें. परंतु रात्रीच्या गोंगाटानें शेजारी त्रस्त झाले, पोलीस आले, आणि तेथून काढता पाय घ्यावा लागला. शेवटीं हिवाळ्यामुळें बंद असलेलें ‘ग्रँड हॉटेल’ मिळालें. रिकाम्या व थंडगार वऱ्हांड्यांत गाद्या उभ्या करून आवाज अडविला, तारा खिडक्यांतून व खोल्यांतून ओढून बाहेरील मालमोटारीपर्यंत नेल्या. वाजविलेलें ऐकावयाचें तर कित्येक दारें व जिने ओलांडून मोटारीपर्यंत जावें लागे. म्हणून पुष्कळदां त्यांनीं ऐकण्याचा नाद सोडून दिला व पुढचें वाजविलें. अशा हालांत अवघ्या कांहीं आठवड्यांत सारा संग्रह पुरा झाला. आगीनंतर कांहीं दिवसांनीं एके सकाळीं ग्लोव्हर जागे झाले ते ‘पाण्यावरचा धूर’ अशा अर्थाचे शब्द तोंडांत घेऊनच. पॅव्हिलियनमध्यें मुद्रित झालेली एक धून बिनशब्दांची पडून होती. तिच्यावर आगीची, शेजाऱ्यांची, हॉटेलची अशी घडलेली हकीकत जशीच्या तशी गीतरूपानें बसविण्यांत आली. तेंच ‘स्मोक ऑन द वॉटर’.

ह्या गीताचा रिफ षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम एवढ्या चार स्वरांचा आहे. प्रत्येक स्वराबरोबर दुसरा एक स्वर चौथ्याच्या अंतरानें जोडलेला असतो, म्हणजे वर सांगितलेली षड्ज-मध्यमाची जोडी. प्रथम गिटार एकटीच तो वाजविते; मग तालवाद्यें, ऑर्गन, बास हीं एकामागून एक येऊन मिळतात, आणि श्रोता जणूं इमारत उभी राहतांना पाहतो. ह्याहून सोपी धून शोधून सांपडणें कठीण. म्हणूनच गिटार हातीं घेणाऱ्या नवशिक्यानें पहिल्या आठवड्यांत हीच धून वाजवावी, असा जगभर प्रघात पडला. गंमत अशी कीं, ह्या गीताचें महत्त्व रचनाकारांनाहि तत्काळ उमगलें नाहीं. संग्रह ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्यें निघाला. हें गीत मात्र स्वतंत्र तबकडीच्या रूपानें अमेरिकेंत १९७३ सालीं आलें, आणि मग चौथ्या क्रमांकावर गेलें.

१९७२ हें वर्ष वैभवाचें होतें. ऑगस्टमध्यें ओसाका व टोकियो येथें झालेल्या कार्यक्रमांचें मुद्रण ‘मेड इन जपान’ ह्या नांवानें निघालें. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणांत तें आजहि आदर्श मानलें जातें. कारण मुद्रणगृहांत पांच-सात मिनिटांत आटोपलेलीं गीतें येथें आलापीप्रमाणें विस्तारलेलीं आहेत. त्याच वर्षीं लंडनच्या रेनबो थिएटरमध्यें त्यांच्या वादनाचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि जगांतील सर्वांत कर्णकर्कश वृंद म्हणून गिनेसच्या ग्रंथांत त्यांची नोंद झाली. परंतु वैभवाच्या आंत वाळवी लागली होती. दौऱ्यामागून दौरे, मध्यें आजारपणें, त्यांतच नव्या संग्रहाची घाई. चालकांना विश्रांति देण्याची बुद्धि नव्हती आणि वादकांना ती मागण्याची सवड नव्हती. ब्लॅकमोर व गिलन ह्यांचें पटेनासें झालें. जून १९७३ च्या अखेरीस ओसाका येथील कार्यक्रमानंतर गिलन बाहेर पडले, आणि ग्लोव्हर ह्यांनाहि जावें लागलें. ज्या शहरानें वृंदाची कीर्ति तबकडीवर कोरली, त्याच शहरांत दहा महिन्यांनीं तो फुटला.

तिसऱ्या रचनेंत ‘ट्रपीझ’ ह्या वृंदांतील ग्लेन ह्यूज हे बासवादक व सहगायक आले. मुख्य गायकासाठीं निवड झाली ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेडकार गांवीं कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या एका अपरिचित तरुणाची. डेव्हिड कव्हरडेल हें त्याचें नांव. वय वर्षें एकवीस. दुकानाच्या गल्ल्यावरून तो सरळ जगांतील एका अत्यंत मोठ्या वृंदाच्या मध्यभागीं येऊन उभा राहिला, आणि सहा-सात महिन्यांनीं ‘बर्न’ हा संग्रह निघाला तेव्हां त्यानें आपली निवड सार्थ ठरविली. ६ एप्रिल १९७४ रोजीं कॅलिफोर्नियांतील महोत्सवांत दोन लाखांवर श्रोत्यांपुढें ही रचना वाजली. परंतु ह्यूज व कव्हरडेल ह्यांचा ओढा नृत्यानुकूल ‘फंक’ व ‘सोल’ संगीताकडे होता, आणि ब्लॅकमोर ह्यांना तें रुचेना. १९७५ च्या एप्रिलमध्यें पॅरिस येथील कार्यक्रमानंतर त्यांनीं वृंद सोडला व ‘रेनबो’ ही आपली निराळी मंडळी काढली.

येथें पहिल्यानेंच मूळ प्रश्न तीव्रतेनें उभा राहिला. ज्याच्या गिटारीवर हें घर उभें होतें तोच गेल्यावर घर राहतें काय? टॉमी बोलिन हा अमेरिकन तरुण गिटारवादक घेऊन चौथी रचना उभी करण्यांत आली. बोलिन हा गुणी होता, ह्यांत शंका नाहीं. परंतु प्रेक्षक त्याच्याकडून ब्लॅकमोरच्या जागा ऐकूं इच्छीत होते, आणि मादक द्रव्यांनीं त्याला व ह्यूज ह्यांना ग्रासलें होतें. १५ मार्च १९७६ रोजीं लिव्हरपूल येथें शेवटचा कार्यक्रम झाला आणि वृंद विसर्जित झाला. त्याच वर्षीं ४ डिसेंबर रोजीं, मोंत्रोच्या आगीला बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, बोलिन पंचविसाव्या वर्षीं मरण पावला. नांव टिकविण्याची जी किंमत ह्या वृंदानें मोजली, तींत ह्या एका तरुण जीवाचाहि हिशेब आहे.

मूळ वृक्ष पडला, तरी फांद्या जोमानें वाढूं लागल्या. ब्लॅकमोर ह्यांची ‘रेनबो’ होती. कव्हरडेल ह्यांनीं ‘व्हाइटस्नेक’ काढली व तींत लॉर्ड आणि मागाहून पेस सामील झाले. गिलन ह्यांनीं स्वतःच्या नांवाचा वृंद चालविला. डीप पर्पल हें नांव मात्र कोणी वापरीत नव्हतें. रिकाम्या घरांत उपरा शिरावा, तसें १९८० सालीं घडलें. पहिल्या रचनेंतील गायक रॉड इव्हन्स ह्यांना पुढें करून कांहीं लोकांनीं अमेरिकेंत ‘डीप पर्पल’ ह्या नांवानें कार्यक्रम लावले. जुन्या कीर्तीवर विसंबून लोक तिकिटें काढून आले, आणि मंचावर त्यांना ओळखीचें कोणी दिसेना. कोठें कोठें दंगाहि झाला. मूळ मंडळींनीं न्यायालयांत दाद मागितली. निकाल त्यांच्या बाजूनें लागला. साडेसहा लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरली, आणि इव्हन्स ह्यांना आपल्या जुन्या गीतांवरील मानधनाच्या हक्कासहि मुकावें लागलें.

ह्या खटल्याचा विचार करतां एक विरोधाभास लक्षांत येतो. जे इव्हन्स १९६९ सालीं न विचारतां दूर केले गेले, ते संस्थापकांपैकींच एक होते. मग नांवावर त्यांचा हक्क कां नसावा? कायद्याचें उत्तर सरळ होतें : नांव ज्यांच्या मालकीचें त्यांचें. रसिकांचें उत्तर त्याहून खोल होतें. ज्या गीतांसाठीं ते पैसे देऊन आले होते, तीं गीतें जन्मास घालणाऱ्यांपैकीं तेथें कोणी नव्हतें. नांव म्हणजे श्रोत्यांना दिलेलें एक वचन असतें, आणि तें मोडल्याचा राग त्या सभागृहांत उसळला होता.

१९८४ सालीं दुसऱ्या रचनेचे पांचहि जण पुन्हां एकत्र आले. ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा त्यांचा संग्रह यशस्वी झाला व जगभर दौरे निघाले. अकरा वर्षांच्या अंतरानंतर हात तेच होते. दुर्दैवानें स्वभावहि तेच होते. १९८९ मध्यें गिलन ह्यांना काढून टाकलें, त्यांच्या जागीं जो लिन टर्नर आले. १९९२ मध्यें गिलन परत आले. आणि १९९३ च्या नोव्हेंबरांत हेलसिंकी येथील कार्यक्रमानंतर ब्लॅकमोर कायमचे निघून गेले. जपानचा ठरलेला दौरा जो सॅट्रियानी ह्या अमेरिकन वादकानें पाहुणा म्हणून निभावला. त्यानंतर १९९४ सालीं स्टीव्ह मोर्स आले आणि तब्बल अठ्ठावीस वर्षें राहिले. ब्लॅकमोर ह्यांच्या दोन्हीं खेपा एकत्र केल्या, तरी त्या ह्याहून कमीच भरतात. १९७५ सालीं जें साधलें नाहीं तें आतां साधलें. कारण मोर्स ह्यांनीं ब्लॅकमोर होण्याचा प्रयत्न केला नाहीं. जुन्या गीतांचा मान राखून त्यांनीं स्वतःच्या हातानें वाजविलें, आणि शेजारीं लॉर्ड ह्यांचा ऑर्गन सवाल टाकावयास होताच.

ह्याच काळांतील एक गोष्ट सर्वांत हृद्य आहे. १९६९ च्या कॉन्चेर्टोची स्वरलिपि पुढें हरवली होती, आणि तो पुन्हां कधीं वाजेल अशी आशा लॉर्ड ह्यांनीं सोडून दिली होती. मार्को द खूय ह्या तरुण डच संगीतकारानें जुनी तबकडी पुनःपुन्हां ऐकून व चित्रफीत पाहून ऑर्केस्ट्रांतील एकेका वाद्याचे स्वर पुनश्च लिहून काढले आणि ते हस्तलिखित लॉर्ड ह्यांच्या स्वाधीन केलें. लॉर्ड ह्यांच्या साहाय्यानें तें पुरें झालें, आणि सप्टेंबर १९९९ मध्यें, बरोबर तीस वर्षांनीं, त्याच अल्बर्ट हॉलमध्यें लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या संगतीनें तो कॉन्चेर्टो पुन्हां दुमदुमला. हरवलेली वही एका श्रोत्याच्या कानांनीं परत मिळवून दिली. गुरुमुखांतून विद्या कशी टिकते हें ज्या देशांत सांगावें लागत नाहीं, तेथें ह्या गोष्टीचें मर्म सहज उमगेल.

२००२ सालीं लॉर्ड ह्यांनीं निवृत्ति घेतली; १६ जुलै २०१२ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या जागीं डॉन एरी बसले. २०१६ सालीं अमेरिकेंतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ ह्या संस्थेनें वृंदाचा गौरव केला, तेव्हां खरे डीप पर्पल कोण, ह्याचा निवाडा करण्याची पाळी तिच्यावर आली. तिनें पहिल्या तीन रचनांतील आठ नांवें घेतलीं. इव्हन्स ह्यांना त्यांत स्थान मिळालें, त्यांच्याच बरोबरीनें उभे राहिलेले सिंपर वगळले गेले. बोलिन वगळला गेला. आणि त्या वेळीं प्रत्यक्ष वृंदांत असलेले मोर्स व एरी ह्यांचींहि नांवें त्यांत नव्हतीं. ब्लॅकमोर समारंभाला आले नाहींत. २०२२ सालीं पत्नीच्या आजारपणामुळें मोर्स ह्यांनीं रजा घेतली व उत्तर आयर्लंडचे सायमन मॅकब्राइड आले. २०२४ च्या संग्रहांत गिलन, ग्लोव्हर व पेस हे तीन जुने आणि एरी व मॅकब्राइड हे दोन नवे, असे पांच जण आहेत.

ह्या सर्व उलाढालींत अखंड राहिले ते एकटे इयन पेस. पहिल्या तबकडीपासून प्रत्येक संग्रहावर त्यांचा ठेका आहे. डावखुऱ्या हाताचा, हलका आणि झोंकदार असा तो ठेका आहे. त्यानें आवाज कितीहि चढला तरी लय जड होऊं दिली नाहीं. गायक व गिटारवादक मंचाच्या पुढें उभे राहतात आणि भांडतातहि. ताल धरणारा मागें बसतो. मंडळी टिकविण्यांत मागें बसणाऱ्याचा वांटा किती असतो, हें पुढच्या रांगेकडे पाहणाऱ्यांना बहुधा दिसत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर ह्या इतिहासांतून काय निघतें? केवळ नांवानें मंडळी होत नाहीं, हें १९८० च्या फसवणुकीनें दाखविलें. केवळ गुणी माणसांनींहि ती टिकत नाहीं, हें १९७६ व १९९३ ह्या दोन सालांनीं दाखविलें. गीतांचा ठेवा, तीं वाजविण्याची एक विशिष्ट रीत, आणि ती रीत पुढच्याच्या हातीं सोंपविण्याची तयारी, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हां तेव्हां डीप पर्पल हें नांव सार्थ झालें. त्यांपैकीं एक जरी ढळली, तरी नांवाखालीं पोकळी दिसूं लागली. ज्या चक्राच्या कल्पनेंतून हा वृंद जन्मला, त्यावर माणसें चढलीं व उतरलीं. कांहीं स्वेच्छेनें, कांहीं ढकललीं जाऊन, एक तर मृत्यूनें ओढून नेल्यामुळें. चक्र मात्र फिरत राहिलें. त्याचें कौतुक करतांना, त्यावरून उतरविल्या गेलेल्यांची आठवण रसिकांनीं ठेवली, तर तें न्यायाचें होईल.